माळव्याची पेठ वेशीबाहेर

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली आणि तोवर बेळगाव जिल्ह्यात असलेला चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात गेला. बेळगाव म्हैसूर राज्यात, चंदगड मुंबई राज्यात. तालुक्याचा जिल्हा बदलला, कचेऱ्या बदलल्या, दाव्याची तारीख पडली की ज्या गावाची एसटी धरायची ते गाव बदललं. बाजार तेवढा बदलला नाही. कोवाड, तुर्केवाडी, शिनोळी या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला बेळगाव जवळ आणि सपाटीवर. कोल्हापूर गाठायचं तर गडहिंग्लज ओलांडून दिवस मोडायचा. त्यामुळे कादंबरीकार रणजित देसाईंच्या कोवाडचा माणूस सरकारदरबारी कोल्हापूरकर झाला, पण रताळ्याची पोती घेऊन तो जात राहिला बेळगावलाच. आजही जातो. नवरात्रात आणि एकादशीच्या आधी बेळगावच्या मार्केट यार्डात रताळ्यांचे जे ढीग लागतात, त्यात बेळगुंदी, बिजगर्णी, उचगावचा माल असतो तसाच सीमेपलीकडच्या चंदगडचाही असतो. मुंबई-पुण्याचा आणि त्याहून लांबच्या उत्तरेकडचा व्यापारी तो एकाच सौद्यात उचलतो. कोणतं पोतं कोणत्या राज्यातलं, हे पोत्यावर लिहिलेलं नसतं.

सीमाप्रश्नावर गेल्या सत्तर वर्षांत मराठीत खूप लिहिलं गेलं आणि ते लिहिलं जायलाच हवं होतं. 1956 चे आणि 1986 चे हुतात्मे, महाजन आयोग, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, शाळा, पाट्या, परिपत्रकं. पण या भागातला मराठी माणूस बहुतांश शेतकरी आहे, आणि त्याच्या रोजच्या जगण्याचा निकाल कोर्टात लागायच्या कितीतरी आधी पहाटे बाजारात लागतो. तो बाजार बेळगावात कुठे भरला, तिथून का उठला, आणि उठवायचा निर्णय घेताना माळवं, म्हणजे भाजीपाला, पिकवणाऱ्याला कोणी विचारलं का, हे मला या लेखात मांडायचं आहे. माझ्या मते कोणीच विचारलं नाही. पूर्वीही नाही आणि आताही नाही.

शहापूरपासून सुरुवात करावी लागते. आज कपिलेश्वर उड्डाणपूल चढून पलीकडे उतरलं की माणूस शहापुरात पोचतो आणि आपण एका गावातून दुसऱ्या गावात आलो असं त्याला वाटतसुद्धा नाही. पण 1948 पर्यंत शहापूर हे सांगली संस्थानातलं गाव होतं. पटवर्धनांचं राज्य, आणि मैलभरावर बेळगावात इंग्रजांचा किल्ला, छावणी, कलेक्टर कचेरी. 1818 साली किल्ला इंग्रजांच्या हाती गेला तरी सराफी, कापड, रेशीम यांचा मोठा व्यवहार शहापूरच्या पेठेतच चालायचा. सांगली संस्थानातलं हे व्यापाराचं महत्त्वाचं ठिकाण, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच ते व्यवहारात बेळगावचं उपनगर झालेलं. मार्च 1948 मध्ये दक्षिणी संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, तेव्हा ही हद्द पुसली गेली.

म्हणजे शहापूरच्या शिवारात पिकलेली मेथीची बुट्टी डोक्यावर घेऊन बेळगावच्या बाजारात येणारी बाई सव्वाशे वर्षांहून अधिक काळ रोज एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होती. सीमा ओलांडून माळवं विकणं या भागाला 1956 नंतर शिकावं लागलं नाही.

छावणीचा या बाजारावर मोठा परिणाम झाला. लष्कराची तुकडी एका जागी कायम राहिली की तिला रोजच्या रोज ताजं लागतं: भाजी, अंडी, मांस, दूध. हिंदुस्थानात जिथे जिथे छावण्या पडल्या तिथे आसपासच्या शेतकऱ्यांनी कोबी, फ्लॉवर, नवलकोल, गाजर, बीन्स यांसारख्या भाज्या लावायला घेतल्या. बेळगावचं हवामान त्याला मानवणारं. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास उंची, पश्चिमेकडून सह्याद्रीचा पाऊस, हिवाळ्यात थंडी. गरिबांचं महाबळेश्वर हे नाव उगाच पडलेलं नाही. नवलकोल आज बेळगावच्या घराघरांत इतका मुरला आहे की तो बाहेरून आला असेल हे कोणाच्या मनातही येत नाही.

किरकोळ बाजार गावठाणात भरायचा आणि भरतो. गणपत गल्ली, काकती वेस, खडे बाजार, नरगुंदकर भावे चौक, शनिवार खूट ही नावं बेळगावकराला वेगळी सांगावी लागत नाहीत. शनिवार हा आठवड्याच्या बाजाराचा दिवस. रविवार पेठेत किराणा-भुसारीचा ठोक व्यापार, आणि तिथून गोवा-कोकणात माल उतरतो. ताज्या भाजीचा ठोक व्यवहार मात्र गावठाणाच्या दाट गल्ल्यांत मावणारा नव्हता. गाड्या वाढल्या, माल वाढला, आणि तो किल्ल्याजवळ, कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत स्थिरावला. आज चाळिशीच्या पुढे असलेल्या कुठल्याही बेळगावकराला भाजी मार्केट म्हटलं की आधी किल्ल्याजवळचं ते मार्केट आठवतं: पावसाळ्यातला चिखल, कुजलेल्या पाल्याचा वास, चारी बाजूंनी अडकलेले टेम्पो, आणि त्या सगळ्यातून वाट काढत पाठीवर पोतं घेऊन पळणारा हमाल.

हा माल येतो कुठून, ते पाहायला हवं. बेळगाव शहराला दक्षिणेकडून आणि पूर्वेकडून शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, धामणे, हलगा, बसवण कुडची यांची शिवारं बिलगून आहेत. वडगावात रयत गल्ली नावाची गल्ली आहे आणि ती नावाप्रमाणेच शेतकऱ्यांची आहे. शहराच्या महापालिकेत घरपट्टी भरणारे, पण पोटासाठी शिवारात जाणारे हे लोक. काळी, ओल धरणारी जमीन. पावसाळ्यात बासमती भात. शहापूर-येळ्ळूरच्या बासमतीचा वास या भागात प्रसिद्ध आहे. भात कापलं की उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. आणि विहिरीचं पाणी असेल तिथे बारमाही माळवं: मेथी, कोथिंबीर, शेपू, मुळा, लाल भाजी, वांगी, नवलकोल.

शहराला लागून शेत असण्याचा फायदा एकच, पण फार मोठा: माल ताजा पोचतो. संध्याकाळी उपटलेली कोथिंबीर पहाटे बाजारात असते. तोट्यांची यादी लांब आहे. शहराचं सांडपाणी घेऊन बळ्ळारी नाला याच शिवारातून जातो आणि जोराचा पाऊस झाला की भात आणि भाजी दोन्ही पाण्याखाली घालतो. रस्ता रुंद करायचा, बायपास काढायचा, तर नकाशावर पहिली रेघ इथूनच जाते. हलगा-मच्छे बायपासच्या विरोधात याच शिवारातल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं रस्त्यावर आणि कोर्टात लढा दिला. वर्षाला दोन-तीन पिकं देणारी ही जमीन आहे, पर्यायी मार्ग शोधा, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यानंतर रिंगरोड आला. बेळगाव तालुक्यातल्या तीसहून अधिक गावांच्या जमिनीवर त्याचं सावट पडलं आणि नोव्हेंबर 2022 मध्ये शेतकऱ्यांनी हातात चाबूक घेऊन मोर्चा काढला. बाजाराच्या इतिहासात रस्त्यांची गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. बाजार हलवला तरी तो पुन्हा मांडता येतो. रस्त्याखाली गेलेलं शिवार पुन्हा मांडता येत नाही.

बेळगावच्या माळव्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक बेळगावात राहत नाही. ते घाटाखाली, गोव्यात राहतं. पहाटेच्या अंधारात यार्डात उभ्या असलेल्या गाड्यांवरचे नंबर वाचत गेलं की गोव्याचं पासिंग वारंवार दिसतं. चोर्ला घाट उतरून साखळी, म्हापसा, पणजी. किंवा खानापूरहून अनमोड घाटाने मोले, फोंडा. सकाळी पणजीच्या बाजारात विकली जाणारी कोथिंबीर, टोमॅटो, कोबी, ढब्बू मिरची यांतला मोठा वाटा बेळगावचा. गोवा सरकारचं फलोत्पादन महामंडळ राज्यभरातल्या आपल्या गाळ्यांवर सवलतीच्या दरात जी भाजी विकतं, तिच्यासाठीही बेळगावच्या बाजारावर भिस्त असते. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्यात ही मागणी इतकी चढते की बेळगावकराला आपल्याच गावची भाजी महाग पडते. आणि घाट बंद झाला की दोन्हीकडे ओरड होते. 2025 च्या पावसाळ्यात अनमोड घाटातला रस्ता खचला आणि अवजड वाहनं बंद झाली, तेव्हा हे पुन्हा दिसलं.

हे नातं जुनं आहे, आणि ते किती घट्ट आहे हे कळायला एक काळ आठवावा लागतो. 1955 साली भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक कोंडी केली. सीमा बंद, रेल्वे बंद, माल बंद. घाटावरून उतरणारी भाजी आणि धान्य थांबलं. सालाझारच्या सरकारने मग जगभरातून माल मागवून गोव्याचं पोट भरायचा प्रयत्न केला: बटाटा हॉलंडहून, तांदूळ आणि भाजी पाकिस्तानातून, चहा सिलोनहून. बेळगावचं शिवार जेमतेम शंभर किलोमीटरवर असताना गोव्यातलं घर हॉलंडचा बटाटा शिजवत होतं. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि घाटाची वाट मोकळी झाली. सरकारी इतिहासात या सहा वर्षांची नोंद सत्याग्रह, हुतात्मे आणि लष्करी कारवाई अशी होते, आणि ती योग्यच आहे. पण घाटावरच्या शेतकऱ्याच्या बाजूनेही ती वाचली पाहिजे: त्याचं हक्काचं गिऱ्हाईक त्या काळात त्याच्यापासून तोडलं गेलं होतं.

आता अलीकडच्या घडामोडी. बेळगावात आज भाजीबाजाराचं नाव काढलं की सगळे त्यावरच बोलतात.

किल्ल्याजवळची जागा अपुरी पडते आहे, वाहतुकीचा खोळंबा होतो आहे, हे कोणालाच अमान्य नव्हतं. कृषी उत्पन्न बाजार समितीचं यार्ड शहराच्या उत्तरेला, कंग्राळी खुर्दच्या रस्त्यावर. कांदा, बटाटा, रताळी, गूळ यांचा व्यापार तिथे आधीपासूनच होता. बुधवार आणि शनिवार हे तिथले मोठे दिवस. भाजीसाठी तिथे नवे गाळे बांधले गेले आणि मे 2019 मध्ये ठोक भाजी मार्केट किल्ल्याजवळून यार्डात हलवण्यात आलं. गाळे किती आणि व्यापारी किती, कोणाला मिळाला आणि कोणाला नाही, यावरून तेव्हाच कुरबुर सुरू झाली. पण बाजार हलला आणि शेतकऱ्याची गाडी निमूटपणे नव्या पत्त्यावर जाऊ लागली.

पुढच्याच वर्षी, 2020 मध्ये, कर्नाटक सरकारने बाजार समिती कायद्यात दुरुस्ती केली. समितीचा अधिकार यार्डाच्या कुंपणापुरता राहिला. बाहेर कोणीही खरेदी-विक्री करावी, ही मुभा मिळाली. दिल्लीत त्याच सुमारास तीन कृषी कायदे आले आणि वर्षभराच्या आंदोलनानंतर मागे घेतले गेले. कर्नाटकातली दुरुस्ती तेव्हा कायम राहिली. आणि जानेवारी 2022 मध्ये पुणे-बेंगळूर महामार्गालगत, गांधीनगरजवळ, जय किसान या नावाने व्यापाऱ्यांचं खासगी ठोक भाजी मार्केट सुरू झालं. बहुतेक भाजी व्यापारी तिकडे गेले. यार्डात सरकारी पैशाने बांधलेले गाळे रिकामे पडले. शेतकरी संघटना आणि यार्डात मागे राहिलेले व्यापारी रस्त्यावर उतरले, जिल्हाधिकारी कार्यालयासमोर धरणी झाली. तीन वर्षांहून अधिक काळ हा वाद धुमसत राहिला आणि सप्टेंबर 2025 मध्ये कृषी पणन खात्याने खासगी मार्केटचा परवाना रद्द केला.

सहा-सात वर्षांत भाजीबाजाराचे असे पत्ते फिरले: किल्ला, यार्ड, महामार्ग, आणि परवाना गेल्यावर पुन्हा यार्डाचा प्रश्न. व्यापाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. महामार्गालगतची जागा गाड्यांना सोयीची, गोव्याच्या आणि कोल्हापूरच्या खरेदीदाराला शहरात शिरावं लागत नाही, जागा मोकळी. आणि सरकारी यार्डात सोय नीट झाली असती तर एवढे व्यापारी स्वतःचे पैसे घालून बाहेर का पडले असते, हा प्रश्न रास्तच आहे. पण सार्वजनिक यार्डात शेतकऱ्याला एक गोष्ट मिळते, ती खासगी आवारात मिळत नाही: तक्रार कोणाकडे करायची ते ठिकाण. वजनात मारलं, भाव पाडला, पैसे थकवले, तर समितीचा सचिव आहे, निवडून आलेलं मंडळ आहे, कायद्याचं कलम आहे. ते किती चालतं हा भाग वेगळा. खासगी जागेत ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच आवारात आपण उभे. म्हणून माझं मत यार्डाच्या बाजूने आहे, आणि ते मी लपवत नाही.

या सगळ्या वादात सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे पट्टी. शेतकऱ्याचा माल विकल्यावर अडत्या त्याच्या हातात जी चिठ्ठी ठेवतो, ती. बहुतेक वेळा तळहाताएवढी, खाली कार्बनची निळी प्रत, वर दुकानाचं नाव आणि एखाद्या देवाचं चित्र. त्याखाली मालाचं नाव, नग, वजन, दर. बेळगावात भाजीचा दर दहा किलोवर सांगतात आणि पालेभाजी शेकड्यावर, म्हणजे शंभर पेंड्यांना अमुक रुपये. शेवटी वजावटी: अडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं, आगाऊ घेतलेली उचल. सर्वांत खाली जो आकडा, तो घरी न्यायचा.

समजा एकाने वीस क्रेट टोमॅटो आणले. क्रेटमध्ये पंचवीस किलो, म्हणजे पाचशे किलो. दहा किलोला 80 रुपये भाव निघाला तर होतात 4000. शेकडा दहा अडत कापली, 400 गेले. क्रेटमागे वीस रुपये गाडीभाडं, आणखी 400. हमाली-तोलाई शंभरेक. हातात 3100. त्यातून तोडणीच्या बायकांची मजुरी, औषध, खत, काठी-सुतळी. आता भाव 80 चा 40 झाला असं धरा. गाडीभाडं आणि हमाली तेवढीच राहते, अडत निम्मी होते, आणि हातात येतात 1300. भाव अर्धा झाला, पण पदरात पडणारी रक्कम अर्ध्याहून खाली गेली. भाव कोसळला की टोमॅटो रस्त्यावर का ओततात, असं शहरातले लोक विचारतात. त्याचं उत्तर या चिठ्ठीत आहे: एका मर्यादेनंतर तोडून आणण्यापेक्षा न तोडणं स्वस्त पडतं.

यातला अडतीचा रकाना हाच खरा वादाचा मुद्दा. कर्नाटकच्या कायद्याप्रमाणे अडत खरेदीदाराकडून घ्यायची असते, शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नसते. महाराष्ट्रानेही जुलै 2016 मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढताना अडत खरेदीदारावर टाकली. तरीही बेळगावातले शेतकरी वर्षानुवर्षं एकच तक्रार करत आले आहेत की बाजार किल्ल्याजवळ असो, यार्डात असो की महामार्गावर, कापायची ती कापलीच जाते. शिवाय पालेभाजीच्या शेकड्यामागे वर काही पेंड्या, पोत्यामागे काही वजन सूट म्हणून. अडत्यांचं म्हणणं असं की शेतकऱ्याला बी-बियाण्याला, लग्नाला, दवाखान्याला उचल आम्हीच देतो, बँक देत नाही. गोव्याचा खरेदीदार पैसे आठ-पंधरा दिवसांनी देतो आणि शेतकऱ्याला मात्र रोख आम्ही मोजतो. हेही खोटं नाही. म्हणूनच कायदा आहे त्या ठिकाणी आहे आणि पट्टी आहे त्या ठिकाणी. उचल घेतलेला शेतकरी दुसऱ्या अडत्याकडे माल नेऊ शकत नाही, आणि बाजाराचा पत्ता बदलला तर आपल्या अडत्याच्या मागोमाग त्याला जावंच लागतं. 2022 मध्ये भाजी महामार्गाकडे का वळली, याची कारणं शोधताना हे एक कारण विसरून चालणार नाही.

यावर निपाणीची आठवण येणं अपरिहार्य आहे. बेळगावहून कोल्हापूरच्या वाटेवर, पाऊणशे किलोमीटरवरचं हे गाव. निपाणकर देसायांचा वाडा, तंबाखूच्या वखारी, आणि गुरुवारचा मोठा आठवडा बाजार. पंचक्रोशीतलं माळवं, धान्य, संकेश्वरी मिरची त्या दिवशी निपाणीत उतरते आणि कागलकडचा, चिकोडीकडचा माणूस एकाच गर्दीत मिसळतो. पण निपाणीचं नाव देशभर झालं ते तंबाखूने. तंबाखूच्या शेतकऱ्याची गत भाजीवाल्यासारखीच होती: भाव व्यापारी ठरवणार, वजनात घट व्यापारी धरणार, पैसे व्यापारी देईल तेव्हा. मार्च 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी बैलगाड्या घेऊन पुणे-बेंगळूर महामार्गावर बसले. तिथेच चुली पेटल्या, तिथेच भाकऱ्या भाजल्या गेल्या. निपाणीचे प्राध्यापक सुभाष जोशी या लढ्यातले स्थानिक नेते. पुढे ते आमदार झाले. 6 एप्रिलला पोलिसांनी आंदोलन मोडून काढलं, गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे बळी गेले. त्या गर्दीत मराठी बोलणारे होते, कानडी बोलणारे होते, आणि महामार्गावर बसताना कोणी कोणाची भाषा विचारली नव्हती. भाव पाडला की तो दोन्ही भाषांत पडतो, हे निपाणीला 1981 साली ठाऊक होतं. रिंगरोडच्या, बायपासच्या, भाजी मार्केटच्या आंदोलनांत मराठी आणि कानडी शेतकरी एका मांडवात दिसतात, ते त्याच अनुभवातून.

भाजी मात्र तंबाखूसारखी थांबत नाही. तंबाखू वखारीत ठेवता येतो, भाव येईपर्यंत शेतकरी थोडा तरी दम धरू शकतो. मेथीला सकाळचे आठ वाजले की ऊन लागतं. म्हणून भाजीवाल्या शेतकऱ्यांचा मोठा संप बेळगावात उभा राहू शकला नाही. ज्याचा माल दुपारपर्यंत सुकतो, त्याचं आंदोलनही दुपारपर्यंतच टिकतं.

किरकोळ बाजारात बसणाऱ्या बायकांविषयी सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. यार्डात जे घडतं त्यात बायका कमी. अडत्या पुरुष, हमाल पुरुष, खरेदीदार पुरुष. पण गणपत गल्लीत, काकती वेशीत, टिळकवाडीच्या रेल्वे गेटांपाशी, शहापूरच्या खडे बाजारात पोतं अंथरून बसलेल्या बहुतेक बायकाच. कडोली, येळ्ळूर, कंग्राळी, वडगावकडून पहिल्या बसने किंवा वडाप टेम्पोने आलेल्या. त्यांतल्या काहींची भाजी घरच्या शेतातली असते, काहींनी पहाटे यार्डातून उचललेली. पेंडी सोडवून, पिवळी पानं काढून, पुन्हा गवताच्या काडीने बांधायचं काम हाताकडे न पाहता करतात. एकीच्या पुढे जवारी काकडी, दुसरीच्या पुढे फक्त लिंबं आणि कढीपत्ता. गिऱ्हाईक मराठी बोललं तर मराठी, कानडी बोललं तर कानडी, आणि कॅम्पातून आलेल्या जवानाच्या बायकोशी हिंदी. ठोक बाजार यार्डात गेला तेव्हा या बायकांचा पहाटेचा प्रवास वाढला. महामार्गावर गेला तेव्हा आणखी वाढला, रिक्षाचं भाडं वाढलं, आणि अंधारात महामार्ग ओलांडायची भीती वाढली. बाजार स्थलांतराच्या बातम्यांत परवाना, गाळे, सेस, कोटी हे शब्द येतात. या भाड्याची नोंद कुठल्या बातमीत मी वाचली नाही.

2014 चा फेरीवाला संरक्षण कायदा आहे, आणि बेळगाव 2016 च्या पहिल्याच यादीत स्मार्ट सिटी म्हणून निवडलं गेलं. रस्ते रुंद झाले, पदपथांवर नवी फरशी आली. पण त्याच पदपथावर पोतं अंथरणाऱ्या बाईला महापालिकेची गाडी आली की बुट्टी उचलून पळावं लागतं. तिच्यासाठी सावली, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह असलेली जागा गावाच्या मध्यात मिळत नाही, तोवर बेळगावचा बाजार नीट वसला असं मी म्हणणार नाही.

परवाना रद्द झाल्यानंतर यार्डाच्या गाळ्यांचं काय करायचं, यावर आता बैठका होतील. त्या बैठकीत व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी असतील, समितीचे अधिकारी असतील, आमदार असतील. रयत गल्लीतला एक आणि चंदगडहून रताळी आणणारा एक, असे दोघे शेतकरी, आणि गणपत गल्लीत बसणारी एक बाई, एवढ्यांना तिथे खुर्ची द्यावी. त्यांच्या मागण्या बाजारात कोणीही ऐकवेल, इतक्या साध्या आहेत: काटा इलेक्ट्रॉनिक आणि शेतकऱ्याला दिसेल असा, पट्टीवर अडतीचा रकाना नको, विक्रीचे पैसे त्याच दिवशी, रात्री माल घेऊन आलेल्यांना आडवं व्हायला शेड, यार्डापर्यंत पहाटे चारची बस. आणि बाजार पुन्हा हलवायचाच झाला, तर नवा पत्ता पक्का व्हायच्या आधी तो त्यांना कळावा.